भाषेतली लक्षणं येतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात 'लक्षण' हा शब्द पहिल्याच महिन्यात भेटतो आणि शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. पाठ्यपुस्तकं लक्षणांचे तक्ते देतात, पण ही लक्षणं मुळात आली कुठून, हे दोन ओळींत उरकतात. नागपुरात आणि आजूबाजूला शिकणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणं शक्य तिथे इथल्याच बोलण्यातली आहेत.

लक्षण म्हणजे नेमकं काय?

ध्वनीचा किंवा शब्दरूपाचा असा गुण, ज्याची भाषेतला एखादा नियम किंवा अर्थभेद दखल घेतो. 'पोट' आणि 'बोट' यांच्यात फरक फक्त घोषाचा, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाचा आहे आणि त्या फरकाने शब्द बदलतो, म्हणून घोष हे मराठीतलं लक्षण. 'पोट' हळू म्हणा नाहीतर ओरडून म्हणा, पोट पोटच राहतं, म्हणून आवाजाची पट्टी हे मराठीत लक्षण नाही. व्याकरणातही तसंच. चांगला डबा, चांगली बाटली, चांगलं भांडं: इथे विशेषण नामाच्या लिंगाकडे बघून बदलतं. डबा लाल आहे की निळा, याची चौकशी कोणतंही क्रियापद करत नाही. रंग डोळ्यांना कितीही ठळक दिसला तरी व्याकरणाच्या लेखी तो नाहीच.

ही कल्पना पहिल्यांदा कोणी मांडली?

आजच्या अर्थाने १९३०च्या दशकात प्राग गटाने, म्हणजे प्राग शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषाशास्त्रज्ञांच्या गटाने. त्यातले त्रुबेत्स्कॉय १९३८ साली वारले; त्यांचा ग्रंथ १९३९ साली निघाला. त्यात ध्वनींपेक्षा ध्वनींमधल्या विरोधांची वर्गवारी आहे. याकोबसन, फांट आणि हाले यांनी १९५२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: जगातल्या सगळ्या भाषांना पुरतील अशी डझनभर लक्षणं, प्रत्येकाला दोनच किमती, आहे किंवा नाही, आणि व्याख्या मुख्यतः कानाला काय ऐकू येतं त्यावर. चॉम्स्की आणि हाले यांनी १९६८ मध्ये यादी वाढवली आणि व्याख्या जीभ, ओठ, घसा यांच्या हालचालींवर नेल्या. क्लेमेंट्स यांनी १९८५ मध्ये लक्षणांची सपाट यादी मोडून झाडासारखी रचना सुचवली, कारण काही लक्षणं नेहमी गटानेच बदलताना दिसतात.

पाणिनीचं नाव इथे उगाच अभिमानापोटी घेतलं जातं असं नाही. 'इको यणचि' या एका सूत्रात इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी पुढे स्वर आल्यास य, व, र, ल येतात. चार वेगळे नियम न लिहिता एका वर्गावर एक नियम, आणि वर्ग सांगायला चौदा शिवसूत्रांतून काढलेला प्रत्याहार, म्हणजे 'इक्'सारखं आखूड नाव. मात्र प्रत्याहार म्हणजे लक्षण नव्हे. तो वर्गाचं नाव सांगतो, त्या ध्वनींत समान काय आहे ते सांगत नाही. ते काम सवर्णाच्या, म्हणजे एकाच जातीच्या ध्वनींच्या, व्याख्येतले स्थान (उच्चाराची जागा) आणि प्रयत्न (उच्चाराची रीत) करतात. उत्तरपत्रिकेत या दोन गोष्टी एक करू नका.

मग वर्णमालेतले पाच वर्ग म्हणजे मराठीच्या लक्षणांचा तयार तक्ताच की?

बराचसा, पण पूर्ण नाही. क-ख-ग-घ या चार ध्वनींना घोष आणि महाप्राण (उच्चारासोबत सुटणारा हवेचा झोत) ही दोनच लक्षणं पुरतात, ङ साठी अनुनासिक हे तिसरं. इथवर तक्ता चोख आहे. अडतं ते तीन ठिकाणी. ङ आणि ञ यांच्यामुळे मराठीत शब्द बदलत नाही. ते पुढच्या व्यंजनाप्रमाणे आपोआप येतात. म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह यांना तक्त्यात घर नाही. पण 'मण' आणि 'म्हण' हे वेगळे शब्द आहेत, आणि कोल्हा, उन्हाळा, तऱ्हा यांतही महाप्राण आहे. म्हणजे क-वर्गासाठी लागणारं लक्षण मराठीने म, न, ल यांच्यावरही वापरून घेतलं. भाषा हाताशी असलेली लक्षणं जास्तीत जास्त ठिकाणी वापरतात, याला क्लेमेंट्स यांनी २००३ मध्ये लक्षणांची काटकसर म्हटलं आहे. तिसरी अडचण च-वर्गाची. तिला खाली स्वतंत्र जागा दिली आहे.

लक्षणं जन्मजात असतात की शिकली जातात?

या पानावरचा सगळ्यात वादाचा प्रश्न हाच.

१९६८च्या परंपरेत उत्तर सरळ होतं: लक्षणांची यादी माणसाच्या मेंदूत आधीच असते, मूल त्यातली आपल्या भाषेची निवडतं. हे खरं असेल तर भाषांमधले नियम त्या यादीने सांगता येतील अशाच वर्गांवर चालायला हवेत. मील्के यांनी २००८ मध्ये ५००हून अधिक भाषांतले असे ६,०००हून जास्त वर्ग गोळा करून तीन प्रसिद्ध याद्यांवर घासून पाहिले. एकाही यादीला सगळे वर्ग सांगता आले नाहीत. उरलेले इतके होते की त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारता येईना. त्यांचा निष्कर्ष: आधी नियम आणि वर्ग तयार होतात, लक्षणं मूल त्यातून काढतं.

दुसरा धक्का खुणांच्या भाषांचा. स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेतल्या प्रत्येक खुणेचे हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे अर्थहीन घटक दाखवले. तिथेही विरोध आहेत, पण घोष, महाप्राण, मूर्धन्य यांपैकी काही नाही. जन्मजात यादी घशाची आणि जिभेची असेल तर बहिऱ्या मुलाने ती कुठे ठेवायची?

मधली भूमिका ड्रेशर यांची (२००९). यादी जन्मजात नाही, विभागणी करण्याची रीत जन्मजात आहे. मूल सगळे ध्वनी एका ढिगात धरून सुरुवात करतं, एका लक्षणाने त्याचे दोन भाग पाडतं, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, आणि प्रत्येक ध्वनी वेगळा झाला की थांबतं. कोणतं लक्षण आधी वापरलं यावरून एकच स्वरमाला असलेल्या दोन भाषा वेगळ्या वागू शकतात.

आमचा कल याच बाजूला आहे, आणि त्याचं कारण परदेशी आकडेवारीपेक्षा मराठीतला च आहे.

पण तान्ह्या बाळांनाही प आणि ब यांतला फरक कळतो ना? मग लक्षण जन्मजात नाही का?

आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक ते चार महिन्यांच्या बाळांवर हे दाखवलं. लगेच १९७५ मध्ये कूल आणि मिलर यांनी चिंचिला या उंदरासारख्या प्राण्यालाही जवळपास त्याच ठिकाणी फरक कळतो हे दाखवलं. चिंचिलाला व्याकरण नसतं. तेव्हा जन्मजात आहे तो कान, लक्षण नाही.

आपल्या कामाचा प्रयोग वर्कर आणि टीस यांचा, १९८४ चा. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला दंत्य त आणि मूर्धन्य ट वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांपर्यंत ते बहुतेकांना ऐकू येईनासे झाले. हिंदी घरातल्या बाळांचं तसं झालं नाही. ऐकू येणारे फरक सुरुवातीला भरपूर असतात. त्यातले कोणते धरून ठेवायचे हे आजूबाजूची भाषा ठरवते.

मराठीत एखादं लक्षण तयार होताना दाखवता येतं का?

येतं. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार घ्या. चहा, चंद्र, जीव यांतला तालव्य. चमचा, चोर, जोर यांतला दंततालव्य. लिपीत खूण एकच.

जुन्या घरच्या शब्दांत हे वाटप ठरलेलं होतं: पुढे इ, ए किंवा य असेल तर तालव्य, एरवी दंततालव्य. आजही प्रत्ययात ते स्पष्ट दिसतं. घराचा म्हणताना जीभ दातांकडे, घराची म्हणताना टाळूकडे. माझा–माझी, राजा–राजे तसंच. असं वाटप असतं तोवर दोन ध्वनी असले तरी लक्षण नवं नसतं, कारण कुठला येणार हे आधीच सांगता येतं.

मग दोन बाजूंनी वाटप मोडलं. एक, संस्कृतातून घेतलेले शब्द तालव्य उच्चार घेऊनच आले. म्हणून 'जग' म्हणजे दुनिया तालव्य, आणि 'जगणे'चं आज्ञार्थी 'जग' दंततालव्य. शेजारी स्वर तोच, पण शब्द दोन. दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. चार हा आकडा जुन्या मराठीत 'च्यार' होता. य मुळे च तालव्य झाला, पुढे य गळून गेला, च मात्र तालव्यच राहिला. आता 'चार माणसं' आणि 'गाईला चारा चार' यांतले चार वेगळे ऐकू येतात. कारण नाहीसं झालं आणि परिणाम मागे राहिला. ध्वनिशास्त्रीय लक्षण जन्मण्याचा हा जगभर सापडणारा सगळ्यात नेहमीचा मार्ग आहे.

तोच मार्ग प्रत्ययात चालू आहे. 'घराचा' आणि 'घराच्या' भराभर बोलताना नीट ऐका. दुसऱ्यातला य बहुतेकांच्या तोंडी वेगळा उरलेला नाही, आहे तो फक्त तालव्य च. म्हणजे सरळ रूप की सामान्यरूप, ही व्याकरणाची माहिती आता एकट्या उच्चारस्थानावर लटकली आहे. चॉकलेट, चान्स, जॉब या शब्दांनी आ-ऑच्या आधी येणाऱ्या तालव्याची भरती आणखी वाढवली.

नागपुरात एक उलटी ओढही आहे. ज्यांचं शाळेचं आणि मित्रांमधलं बोलणं हिंदीत चालतं, त्यांचा चमचाही तालव्य होतो, कारण हिंदीत च एकच. अशा बोलणाऱ्याच्या मराठीत हे लक्षण नाही असं लिहायला हरकत नाही. ते 'अशुद्ध' ठरवणं हे भाषाविज्ञानाचं काम नव्हे.

वऱ्हाडी-नागपुरीत ळ चा य होतो. मग तिथे मूर्धन्य हे लक्षणच नाही का?

आहे, पण त्याचं क्षेत्र आखडलं आहे. डोळा–डोया, काळा–काया होतं आणि त्याच बोलण्यात पाणी–पानी, कोण–कोन होतं. म्हणजे ळ आणि ण दोन्ही गेले. ट, ठ, ड, ढ मात्र जागेवर आहेत. टाळी म्हणताना ट कुणी दंत्य करत नाही, ळ तेवढा बदलतो. बदल एकेका अक्षराचा नाही, 'मूर्धन्य आणि शिवाय नादमय' (हवा पूर्ण न कोंडता उच्चारलेले, ट-ड सारखे नव्हेत) अशा वर्गाचा आहे. परिणामही मोजता येतो: माळा आणि माया एकसारखे होतात, कोण आणि कोन एकसारखे होतात. दोन स्वतंत्र खोड्या म्हणून हे लिहिणाऱ्याचे गुण जातात. वर्ग पकडणाऱ्याला मिळतात.

ऱ्हस्व-दीर्घ हे मराठीत लक्षण आहे का?

लिहिताना आहे. बोलताना बहुतेकांच्या इ-ई आणि उ-ऊ ची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते, आणि दिन–दीन या जोडीतले शब्द कान झाकून ओळखता येत नाहीत, उघडे ठेवूनही सहसा येत नाहीत. लिपीतलं चिन्ह हा लक्षणाचा पुरावा धरू नका.

च चे दोन उच्चार स्वतः मोजायचे तर कसे?

प्राट हे ध्वनी मोजायचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पाच बोलणारे, वीस शब्द, प्रत्येक शब्द तीन वेळा, म्हणजे ३०० नमुने. पदव्युत्तर प्रकल्पाला एवढं भरपूर. शब्द सुटा म्हणवू नका, 'आता ... म्हणा' अशा एकाच वाक्यात बसवा, नाहीतर यादी वाचल्याचा सूर लागतो. क्रम दर वेळी बदला.

शब्द लिहून देऊ नका, ही सगळ्यात मोठी खबरदारी. 'जग' कागदावर दिला तर वाचणारा कुठला जग म्हणेल हे तुमच्या हातात राहत नाही. अर्थ विचारा: 'पृथ्वीला दुसरा शब्द?', 'मरू नकोस, ...?'

रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाईल. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. कूलर आणि पंखा बंद. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं क्रूर आहे, पण कूलरची घरघर आणि च चं घर्षण दोन्ही गोंगाटच असतात आणि नंतर वेगळे करता येत नाहीत. सकाळी सहा-सातला बसा. व्हॉट्सॲपवर मागवलेली ध्वनिफीत वापरू नका, ती दाबलेली असते. फोन कॉलचं रेकॉर्डिंग तर अजिबात नको: ८,००० हर्ट्‌झने नमुने घेतले तर ४,०००च्या वरचं काही उरतच नाही, आणि दंततालव्याचा मुख्य जोर त्याच्याही वर असतो.

प्राट उघडल्यावर बरेच जण 'दोन्ही सारखेच दिसतात' म्हणून सोडून देतात. कारण ध्वनीच्या चित्राची (स्पेक्ट्रोग्रामची) मूळ मर्यादा ५,००० हर्ट्‌झ असते. ती १०,०००पर्यंत वाढवा. तालव्यात काळा पट्टा खालून, साधारण तीन-चार हजारांपासून सुरू होतो, दंततालव्यात बराच वरून. बायका-पुरुष, लहान-मोठे यांचे आकडे एकत्र करून सरासरी काढू नका. तुलना एकाच माणसाच्या दोन च मध्ये करा.

घोष-महाप्राणासाठी एकच माप पुरतं का?

नाही, आणि हे मराठीनेच दाखवलं. लिस्कर आणि एब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत एक गोष्ट मोजली: ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतूंचं कंपन सुरू होईपर्यंतचा वेळ. त्या अकरांत हिंदी आणि मराठी होत्या. क ला कंपन जवळपास लगेच सुरू होतं, ख ला उशिरा, ग ला सुटण्याच्या आधीच. तिघे सुटसुटीत वेगळे झाले. पण ग आणि घ दोघांचंही कंपन आधीच सुरू असतं, त्यामुळे ते या मापात एकमेकांवर पडले. घ चं वेगळेपण सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात आहे. एकच वेळ मोजून 'मराठीत ग-घ विरोध संपत आला' असा निष्कर्ष काढलेले प्रकल्प दिसतात. दोष भाषेचा नसतो, मापाचा असतो.

व्याकरणिक लक्षण ओळखायची कसोटी कोणती?

दुसऱ्या शब्दाचं रूप बदलतं का, हीच. 'वेळ' शब्दात कुठलीच खूण नाही, पण 'बराच वेळ गेला' आणि 'जेवायची वेळ झाली' यांवरून एकदा पुल्लिंग आणि एकदा स्त्रीलिंग असल्याचं कळतं. कसोटीला 'लाल', 'छान' अशी न बदलणारी विशेषणं घेऊ नका. 'बाबा आले' इथे माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी: लक्षण अर्थावर चालत नाही, याचा हा रोजचा पुरावा.

पुरुष ही तीन सुटी लक्षणं आहेत की आतून आणखी काही?

हार्ली आणि रिटर (२००२) यांच्या मांडणीत बोलणारा आणि ऐकणारा मिळून 'संवादात भाग घेणारे' असं एक लक्षण धरलं आहे; तृतीय पुरुष म्हणजे त्याचा अभाव. प्रमाण मराठी याला छान आधार देते. मी पोळी खाल्ली, तू पोळी खाल्लीस, पण त्यानं पोळी खाल्ली. आम्ही-तुम्ही खाल्ली, पण त्यांनी खाल्ली. 'नं' फक्त तिसऱ्याला लागतो.

मात्र हा फरक अनादी नाही. जुन्या मराठीत म्या आणि त्वा ही वेगळी रूपं होती, आणि विदर्भातल्या खेड्यांत 'म्या केलं' अजून ऐकू येतं. म्हणजे नियमाला 'भाग घेणारे' हा वर्ग लागू लागला तो रूपं एकत्र झाल्यावर. जन्मजात यादीची बाजू घेणाऱ्याने याचं उत्तर द्यायला हवं.

आपण आणि आम्ही यांतला भेद सगळ्या भाषांत असतो का?

नाही. 'आपण जाऊ' मध्ये ऐकणारा धरलेला, 'आम्ही जातो' मध्ये वगळलेला. प्रमाण हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. नागपुरी हिंदीत 'अपन'ने तो भरून काढला आहे. मराठी-गुजरातीत हा भेद द्राविडी शेजारातून आला असं बरेच अभ्यासक मानतात.

शेजारी वेगळी मांडणी बघायची तर लांब जावं लागत नाही. गोंडीत लिंगं दोन: पुरुष आणि बाकी सगळं; बाई, बैल, दगड एका बाजूला. मेळघाटातल्या कोरकूत द्विवचन आहे. संस्कृतात होतं, प्राकृतात गेलं, मराठीत नाही. ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये नोंदवलं की द्विवचन असलेल्या भाषेत अनेकवचन असतंच. उलट मात्र नसतं. लक्षणं येतात-जातात, पण वाटेल त्या क्रमाने नाही.

नागपुरातलं 'येऊन राहिला' हे चूक आहे की नवं लक्षण?

नवं लक्षण. साध्या क्रियापदाचं व्याकरणाच्या खुणेत रूपांतर होतं, त्याला मेये यांनी १९१२ मध्ये नाव दिलं आणि तेव्हापासून हा व्याकरणिक लक्षणांच्या उगमाचा मुख्य रस्ता मानला जातो. नागपूर १९५६ पर्यंत हिंदीबहुल प्रांताची राजधानी होतं. हिंदीतलं 'आ रहा है' हे नमुन्याला रोज कानावर होतं.

पुरावे तीन. 'तो जाऊन राहिला' इथे जाणारा माणूस राहत नाही, म्हणजे मूळ अर्थ झिजला. 'पाऊस पडून राहिला' म्हणताना कर्ता निर्जीव चालतो. 'काय करून राहिला बे?' मध्ये रूप भूतकाळाचं आणि अर्थ या क्षणाचा. आणखी एक बारकावा: 'तो पोळी खाऊन राहिला', 'त्यानं' नाही. खाणे सकर्मक असलं तरी 'नं' लागत नाही, कारण वाक्याचं व्याकरण अकर्मक राहणेच्या ताब्यात आहे. पुण्याच्या माणसाला 'पुस्तक पडून राहिलं' म्हणजे तसंच पडलेलं राहिलं. नागपूरकराला संदर्भाप्रमाणे 'पडतंय' असाही अर्थ लागतो.

छोट्या प्रकल्पासाठी यातलं काय घ्यावं?

हेच. पंधरा क्रियापदं घ्या: पाच कृतीची (धावणे, लिहिणे), पाच बदलाची (पिकणे, वितळणे), पाच स्थितीची (आवडणे, दिसणे, असणे). 'ऊन राहिला' कुठवर पोचलं आहे ते स्थितीच्या गटात कळेल. वीस ते तीस आणि साठच्या पुढचे, असे दोन गट पुरेत. 'तुम्ही असं बोलता का?' हा प्रश्न मात्र विचारू नका. परीक्षकासमोर बसल्यासारखं लोक 'छे, आम्ही येतो आहे म्हणतो' सांगतात आणि फोन वाजला की 'येऊन राहिलो ना बाप्पा' म्हणतात. आधी परवानगी घ्या, अर्धा तास गप्पा रेकॉर्ड होऊ द्या, पहिली दहा मिनिटं मोजणीत धरू नका.